गारमहालातला झरा

"आणखी एक भर," आबा म्हणाले आणि रिकामा ग्लास रसवाल्यापुढं सरकवला.

"आबा, बास झालं! डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर मिरजंत हाय. तू भर रं. बरफ नगं घालू."

रसवाल्याला काय, तो भरतोय. मी मात्र आतून पेटलो होतो. माझ्या बापाचं वय पंच्याहत्तरच्या पुढं आणि प्रोस्टेटचं ऑपरेशन सोमवारवर आलेलं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गाठ एवढी वाढलीय की लघवी कधीही तुंबेल, आणि तुंबली तर जिवावर बेतेल. पाणी बेतानं प्यायला द्या, प्रवास टाळा, आणि लागली की थांबवून ठेवू देऊ नका. आणि हे गृहस्थ सकाळपासून चहा, ताक, शहाळं, जे दिसेल ते नरड्याखाली ओतत होते. बरं, ओतताय तर सोडा तरी! घरी दर अर्ध्या तासाला उठणारा माणूस. वाटेत कुठंही थांबता यावं म्हणून मी एसटी सोडून भाड्याची जीप केली, तर त्या दिवशी हा माणूस एकदाही उतरला नाही. पेट्रोलपंपावर नाही, ढाब्यावर नाही, बाभळीच्या आडोशाला नाही.

"लागलीय का?" मी विचारायचो.

"लागलीय."

"मग जा की!"

"हितं न्हाई."

मिरजेत माझं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. एप्रिल महिना म्हणजे आमची दिवाळी. गावोगावच्या विहिरींवरच्या मोटारी जळतात आणि माझ्या दारात येऊन पडतात. अशा दिवसांत दुकानाला कुलूप लावून मी कडवलीला आलो होतो, कारण आबांनी अंथरुणावर बसून जाहीर केलं होतं, "आधी कडवलीचा गारमहाल, मग तुमची कापाकापी. न्हाईतर न्ह्या मला तसाच सरणावर."

"काय आहे त्या पडक्या वाड्यात?"

"त्ये माझं मी बघीन."

कडवली हे आबांचं मूळ गाव. लहानपणी सोडलं ते सोडलंच, नंतर कधी नावही काढलं नाही. तिथं एक चिमूटभर संस्थान होतं. वरचा राजवाडा कधीच जळून गेला आणि त्याच्या विटा लोकांनी आपापल्या संडासाला लावल्या. जमिनीखाली मात्र सगळं शाबूत राहिलं. उन्हाळ्यात राजेसाहेबांनी बसायचं म्हणून बांधलेल्या खोल्या, कमानी आणि मधोमध मोठा हौद. तो गारमहाल. आताच्या धाकट्या सरकारांनी तो झाडून-पुसून तिकीट लावून खुला केला होता. त्याची पेपरात जाहिरात आली आणि तेव्हापासून आबा बिघडले.

तिकिटात फेटा धरलेला होता. फेटा बांधल्याशिवाय आत सोडत नव्हते. बांधायला बसलेल्या माणसानं माझं नाव विचारलं.

"राजरत्न गायकवाड."

तो ताडकन उठला. "राजरत्न! गायकवाड! बडोद्याचे का?"

"न्हाई," आबा मागून म्हणाले. "येशीभायेरचे."

"वेशीबाहेर? म्हणजे आपल्या नव्या रिसॉर्टवर उतरलाय का? वा वा!" असं म्हणून त्यानं मला सगळ्यात मोठा, तुऱ्याचा फेटा बांधला. आबांच्या डोक्यालाही हात घातला, तर त्यांनी मानच काढून घेतली. "माझं डोस्कं जसं हाय तसंच खाली जाईल," म्हणाले. वादावादी झाली. शेवटी आबांचा फेटा मी हातात धरायचा, असं ठरलं. एक डोक्यावर, एक काखेत, आणि शेजारी घामानं डबडबलेला, गुडघ्याला गुडघा घासत चालणारा बाप. माझा संताप तुम्हीच समजून घ्या.

आमच्याबरोबर कोल्हापूरच्या बायकांचं एक भिशी मंडळ होतं. सगळ्यांनी साडीवर फेटे चढवले होते आणि फोटो चालले होते. गाईडचं आडनाव कुबेर. पूर्वी लग्नात आहेर पुकारायचे म्हणे. आवाज असा, की भिंतीनं माघार घ्यावी.

"मंडळी! ह्या दरवाजाची चौकट मुद्दाम ठेंगणी आहे! आत शिरताना प्रत्येकाची मान आपोआप झुकते! म्हणजे आजही महाराजांना आपला मुजरा घडतो!"

बायका खुदखुदत वाकून गेल्या. मी तुरा सांभाळत वाकलो. आबा दरवाजापाशी थांबले, फिरले, आणि शिडी उतरावी तसे पाठमोरे, ढुंगण पुढं करून आत शिरले.

"अहो आबा, तसं नाही!" कुबेर ओरडले.

"म्हाताऱ्या माणसाला असंच उतरावं लागतं," आबा म्हणाले. "गुडघं धरत्यात."

खाली खरंच गार होतं. कमानीमागून कमानी, ओल्या चुन्याचा वास आणि कुठूनतरी पाण्याची बारीक धार पडल्याचा आवाज. कुबेरांनी कान टवकारायची खूण केली. "ऐका! गारमहालाचा जिवंत झरा! महाराजांच्या काळापासून आजतागायत एक दिवस थांबलेला नाही!"

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्य मोटारींत गेलेल्या माणसाला कुणी हे सांगावं? तो आवाज लहान पंपाचा होता. बेअरिंग गेलेलं होतं, तेसुद्धा मी सांगितलं असतं. वाड्याच्या मागं टँकर उभा होता आणि त्याचा पाइप झरोक्यातून आत सोडलेला मी येतानाच पाहिला होता. टँकरनं हौद भरायचा आणि तेच पाणी पंपानं वर उचलून दगडी गोमुखातून पाडायचं, हा झाला महाराजांच्या काळचा झरा.

पण मला पंपाशी घेणंदेणं नव्हतं. आबा आता पोट धरून चालत होते.

मी कुबेरांना गाठलं. "साहेब, इथं बाथरूम कुठंय?"

"खाली सोय नाही. पवित्र स्थळ आहे."

"मग महाराज कुठं जायचे?"

"महाराज?" कुबेरांनी असा चेहरा केला, की महाराज कधी जातच नसत.

"वर घेऊन जातो मी वडिलांना."

"एकदा वर गेलात तर पुन्हा खाली येता येणार नाही. तिकीट संपलं."

मी आबांकडं वळलो. "चल वर. बास झाला महाल."

"हौद बघितल्याबिगर हालनार न्हाई."

"आबा, तुंबलं तर मरशील इथं!"

"मरायला जागा काय वाईट हाय?"

बायका आमच्याकडं बघायला लागल्या. मी दात ओठ खात त्यांच्या मागं चालत राहिलो. शस्त्रागार झालं, शृंगारघर झालं. एका अंधाऱ्या खोलीत कुबेरांनी महाराजांनी इथं वाघ पाळला होता असं सांगितलं. खोली एवढी, की त्यात वाघानं जांभई दिली असती तर शेपूट बाहेर आलं असतं.

मग हौद आला.

हौद मोठा होता, चारी बाजूंनी कमानी, पाणी काळं, स्थिर. पाण्यापर्यंत पोचायला पायऱ्या फक्त पलीकडच्या कोपऱ्यात होत्या. अलीकडच्या काठावर फायबरचे दोन पुतळे उभे होते. एक राणीसाहेब, हातात घागर. घागरीतून निळ्या प्लास्टिकचं पाणी पडत होतं आणि त्या प्लास्टिकच्या आत दिवा. खाली ओंजळ धरून बसलेली एक बाई. ती गरीब बाई होती हे पाटीवर लिहिलं होतं म्हणून कळलं, नाहीतर अंगावर कोरी करकरीत पैठणी होती. पुतळे साड्यांच्या दुकानानं भेट दिले होते.

"मंडळी!" कुबेरांनी आवाज खाली आणला. "बेचाळीस-त्रेचाळीसचा तो भीषण दुष्काळ. विहिरी आटल्या. माणसं पाण्यासाठी टाचा घासायला लागली. तेव्हा आपल्या राणीसाहेबांनी काय केलं? हा हौद रयतेला खुला केला! स्वतःच्या हातानं पाणी पाजलं! ना जात बघितली ना पात!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं डोळे पुसले.

आबा पुतळ्याजवळ गेले. त्या खालच्या बाईकडं बराच वेळ बघत राहिले.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

"ही रयत, आबा."

"नाव काय हिचं?"

"नाव कसलं? रयतच की ती."

"हिच्या कडंवर पोरगी हुती."

"काय?"

"पोरगी हुती कडंवर. दोन वर्साची. ती न्हाई केली तुमी."

कुबेर हसले. "मूर्तिकाराला सांगू आपण. तर मंडळी, आता थोड्याच वेळात स्वतः धाकटे सरकार इथं येऊन जलवंदन करणार आहेत! रोज सरकार ह्या हौदातलं पाणी चांदीच्या फुलपात्रात घेतात, आणि पूर्वजांच्या पुण्याईचा तो एक घोट—"

एवढ्यात लाइट गेली.

त्या काळात लोडशेडिंगला राजा-रंक सगळे सारखे होते. गारमहालात काळोख झाला, बायका किंचाळल्या आणि पंप बंद पडला. आवाजच थांबला.

"घाबरू नका मंडळी!" कुबेर काळोखातून म्हणाले. "हा अंधार अस्सल आहे! महाराजांच्या काळी असाच होता!"

माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. आबा. त्यांनी मला ओढत भिंतीच्या कडेनं पलीकडं नेलं. ठेचकाळत नाही, अडखळत नाही, काळोखात सरळ. पायाला पायऱ्या लागल्या. तिथं ते थांबले. श्वास भात्यासारखा चालला होता.

"मी हितं हुबा हुतो," ते कुजबुजले. "ह्या वरच्या पायरीवर. आईचा पदर धरून. तिच्या कडंवर पारू."

"कोण पारू?"

"माझी भन."

आबांना बहीण होती हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"हगवण लागलेली तिला. घरात पान्याचा थेंब न्हाई. सगळ्या म्हारवाड्यात न्हाई. आई भांडी घासनाऱ्या बाईच्या वळखीनं मागच्या दारानं आली. खालच्या पायरीवर बसली, वंजळ भरली, पारूच्या तोंडाशी न्हेली. तेवढ्यात वरडा झाला. पान्याला हात लागला म्हनून आईला झोडपली. वंजळीतलं बी सांडलं."

"आबा..."

"ऐक. मग हौद बाटला म्हनून सगळा उपसला. पाक रिकामा केला. पानी सोडलं कुटं, तर राणीच्या मोगऱ्याला. भिताडाच्या आत. मोगऱ्याला चाललं त्ये पानी. पारूला न्हाई चाललं. मग हौद धुतला, गोमूत्र शिपडलं, नव्यानं भरला. दुसऱ्या दिशी पारू गेली."

पलीकडून कुबेरांचा आवाज आला. एक बाई त्यांना विचारत होती, "अहो, झऱ्याचा आवाज कुठं गेला?" कुबेर म्हणाले, "येतो येतो. झरा आहे तो मॅडम, त्याच्या मूडवर असतं."

"आईनं तवा हितंच बोलून दावलं," आबा म्हणाले. "हात लावला तर बाटलं म्हनतायसा? बाटवनं म्हंजी काय, त्ये माझा ल्योक दावील तुमास्नी. मरस्तवर दर सालाला मला आठवन द्यायची. रत्न्या, माझी नाडी सोड. हात कापत्यात माझं."

मग माझ्या डोक्यात सकाळपासूनचा चहा, ताक, शहाळं, रस सगळं एका ओळीत आलं.

"आबा, तू हे... तू ह्याच्यासाठी...?"

"सोड लवकर!"

"आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात! आपल्यात नवस-बिवस चालत नाही!"

"नवस देवाला न्हवता. ह्या पान्याला हुता. सोड!"

मी काखेतला फेटा पायरीवर टाकला. लेंग्याच्या नाडीची गाठ बसली होती. आयुष्यभर मोटारीच्या खाचांतून बारीक तार ओवलेली माझी बोटं, तरी त्या गाठीनं घाम काढला. सुटली. आबा पुढं सरकले. मी मागून त्यांच्या काखेत हात घालून धरलं.

काहीच नाही.

मी थांबलो. ते कण्हले. पुन्हा जोर केला. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं, पोट दगडासारखं झालं होतं आणि एक थेंब नाही.

"यीना रं," ते म्हणाले. "रत्न्या, यीना."

तुंबलं. डॉक्टर म्हणाले होते तेच. माझी पाचावर धारण बसली. ह्यांना खांद्यावर टाकून त्या ठेंगण्या दरवाजातून वर काढायचं, जीपमध्ये घालायचं, मिरज गाठायची. पोचतील का तोवर?

"चल, उचलतो तुला."

"न्हाई." त्यांनी माझी मांडी धरली. तो माणूस रडत होता. स्वतःच्या आईच्या मातीलाही रडला नव्हता. "इतकी वर्सं, आन आता हितं यिऊन यीना. तू कर."

"मी?"

"माझ्यानं झालं न्हाई तर माझ्या ल्योकानं करायचं. बापाच्या मागं लेकावरच येतंय त्ये."

पलीकडं मोबाइलचा उजेड पडला. त्या उजेडात क्षणभर ती फायबरची बाई दिसली. पैठणी नेसलेली, ओंजळ धरलेली, कडेवर कुणी नसलेली. मला आयुष्यात खूप वेळा राग आलाय. गिऱ्हाइकांचा, बायकोचा, सकाळपासून तर आबांचा. पण तो राग डोक्यात येतो. हा पोटातून आला. मी आबांना भिंतीला टेकवलं, फेटा काढून पायरीवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. रस मीही प्यालो होतो.

दगडी हौद, वर कमान. आवाज असा घुमला की मीच दचकलो.

"ऐका!" पलीकडून कुबेर किंचाळले. त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "ऐका मंडळी! लाइट नाही, पं... काही नाही, तरी झरा चालू!"

"अगं बाई, खरंच की!"

"जिवंत आहे! मी सांगत नव्हतो?"

आणि त्या आवाजानं असेल, पोराला मुतायला बसवताना आया तोंडानं 'शूऽऽ' करतात ना, तसं काही झालं असेल. माझ्या शेजारी टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा. मग थांबत थांबत, मग न थांबता. आबांनी माझा खांदा धरला आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"वाढला!" एक बाई ओरडली. "अहो, झरा वाढला की!"

"दोन झरे आहेत मॅडम, दोन," कुबेर भारावून म्हणाले. "गंगा आणि जमना!"

टाळ्या पडल्या. मी माझा झरा कधीच आवरला होता, आबांचा संपेना. टाळ्या थांबल्या, बायकांनी "हर हर गंगे" केलं, कुबेरांनी राजघराण्याचा जयजयकार केला, तरी चालूच. पारूच्या वाटचं, आजीच्या वाटचं, सगळ्या म्हारवाड्याच्या वाटचं होतं ते. शेवटी थांबलं. मी नाडी बांधली. एक फेटा काखेत मारून दुसरा डोक्यावर ठेवायला आणि लाइट यायला एकच गाठ पडली.

लाइटीबरोबर धाकटे सरकार आले. पस्तिशीचा गोरा, गुबगुबीत माणूस. अंगात जरीचा अंगरखा, पायात बुटांची नवी जोडी, हातात चांदीचं फुलपात्र. ते सरळ आमच्याच कोपऱ्याकडं आले, कारण पायऱ्या तिथंच होत्या.

"अरे वा, आपण आधीच येऊन उभे!" ते मला म्हणाले. माझा तुरा बघितला असावा. "नमस्कार."

मी नमस्कार केला. दुसरं काही सुचेना.

सरकार खालच्या पायरीवर वाकले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. फुलपात्र बुडवून काठोकाठ भरलं. वर आले, तर समोर आबा. उघड्या डोक्याचे, कमरेत वाकलेले, घाम पुसत असलेले. सरकारांचा चेहरा मऊ झाला.

"आज एक वेगळी गोष्ट करू या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. भिशी मंडळाचे मोबाइल वर झाले. "आज जलवंदनाचा पहिला मान आपल्यातल्या ज्येष्ठांना. घ्या आबा."

आणि त्यांनी ते चांदीचं फुलपात्र माझ्या बापापुढं धरलं.

मी डोळे मिटून घेतले. आता आबा ते पात्र उडवणार, नाहीतर सगळं सांगून टाकणार, नाहीतर हसणार.

आबांनी हात मागं घेतले. दोन्ही हात पाठीशी नेऊन एकमेकांत गुंतवले.

"नगं सरकार," ते अगदी शांतपणे म्हणाले. "आमचा हात लागला की बाटतंय. आमी हितल्या म्हारवाड्यातले. तुमी घ्या."

कुबेरांनी घसा खाकरला. सरकार लाल झाले. मग त्यांनी मोबाइलांकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि मान हलवली.

"छे छे, आबा! काय बोलताय! आमच्या घराण्यात असलं कधीच नव्हतं!"

"कदीच न्हवतं?"

"कधीच नाही! हे बघा!"

आणि त्यांनी फुलपात्र तोंडाला लावलं. परंपरा एका घोटाची होती. पण आबा बघत होते, बायका चित्रीकरण करत होत्या, म्हणून ते शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सरकारांनी मिशी पुसली.

"आता पटलं?" त्यांनी विचारलं.

"पटलं," आबा म्हणाले.

वर येताना ठेंगण्या चौकटीशी आबा पुन्हा फिरले आणि पाठमोरेच बाहेर पडले. मी दोन्ही फेटे त्या माणसापुढं टाकले. बाहेर ऊन रणरणत होतं. मी तडक जीपकडं निघालो. मला अजून कुणालातरी धरून हाणावंसं वाटत होतं.

रसवंतीपाशी आबांनी माझी बाही ओढली.

"रत्न्या, एक ग्लास घिऊया."

"आता कशाला?" मी खेकसलो. "झालं ना सगळं?"

"व्हय, झालं." ते बाकावर बसले आणि रसवाल्याकडं बघून बोट वर केलं. "आता तहान लागलीया."